टेबलामागं माणूस पाहिजे



गेल्या महिन्यातल्या बैठकीत एक निवेदन फिरलं. सगळ्यांनी सह्या केल्या. मी केली नाही. तेव्हापासून शहापूर ते मुरबाड माझ्याबद्दल काय काय बोललं जातंय ते कानावर येतंय. कविता करायला लागला आणि साहेबाचा झाला. शिपायाची बाजू घेतो. यंत्राला घाबरतो. तोंडावर कोणी बोललं असतं तर तोंडावर उत्तर दिलं असतं. आता कागदावर देतो, म्हणजे सगळ्यांना पुरेल.

निवेदनातली मागणी अशी. तालुक्याला एका सरकारी कचेरीची नवी इमारत उभी राहतेय. तिच्या दर्शनी दालनात चौकशीच्या टेबलावर माणूस बसवू नये. टोकनचं यंत्र ठेवावं, बोट लावायचा पडदा ठेवावा, भिंतीला क्यूआर कोड चिकटवावा. कारण माणूस असला की तो आडनाव विचारतो, आणि आडनाव कळलं की त्याचा आवाज बदलतो. यंत्राला जात नसते. हे शेवटचं वाक्य निवेदनात दोनदा आहे.

मी म्हणतो, टेबलामागं माणूस पाहिजे. का म्हणतो ते ऐकून घ्या, मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

आधी तुमचं जे खरं आहे ते मान्य करतो. दारावरचा माणूस काय असतो हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. १९०१ साली मसूरच्या स्टेशनवर चार चांगल्या कपड्यातली पोरं उतरली. न्यायला कोणी आलं नव्हतं. स्टेशनमास्तर आधी मायेनं बोलला, विचारपूस केली. पोरांनी जात सांगितली आणि त्या माणसाचा चेहराच पालटला. पाच पावलं मागं सरला तो. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी पोरांनी गाडी स्वतः हाकायची आणि मालकानं बाजूनं चालायचं असं ठरलं. रात्री टोलनाक्यावर पाणी मागितलं, ते मिळालं नाही. त्या पोरांतला एक भीमराव होता. त्याच भीमरावाला शाळेतल्या नळाला हात लावायची बंदी होती. शाळेचा शिपाई नळ सोडणार तेव्हा पाणी. शिपाई जागेवर नाही त्या दिवशी तहान. पुढं अमेरिकेत शिकून आल्यावर बडोद्याच्या कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकायचे. म्हणजे बाबासाहेबांचं अर्धं आयुष्य टेबलाच्या ह्या नाहीतर त्या बाजूच्या माणसाशी झगडण्यात गेलं.

माझं स्वतःचंही सांगतो. सतरा वर्षांचा होतो. जातीचा दाखला काढायला गेलो. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा पाहिजे म्हणून आजोबांच्या शाळेचा उतारा मिळवला होता. जुना कागद, घडीवर फाटलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेलेला. टेबलावरच्या माणसानं विचारलं, ‘‘गावातला का वाडीतला?’’ मी म्हणलं, ‘‘वाडीतला.’’ मग त्यानं पिशवी दोन बोटांत धरली, बघितल्यासारखं केलं आणि म्हणाला, ‘‘बाहेर थांब, हाक मारतो.’’ साडेअकरा वाजले होते. साडेतीनला मीच पुन्हा आत गेलो. माझ्यामागून आलेले कितीतरी जण काम करून गेले होते. कचेरी कुठली ते लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, तुम्हाला प्रत्येकाला आपापली आठवली असेल.

तेव्हा तुमचा राग खरा आहे. पण त्या रागातून जी मागणी निघाली ती चुकीची आहे. वाईट माणूस टेबलावर बसला म्हणून टेबलच रिकामं करा, ही मागणी आपली नाही. तिचा फायदाही आपल्याला नाही.

रिकामं टेबल काय असतं ते माझ्या आईला विचारा.

आई शहापूर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. तानसा आणि भातसाचं पाणी मुंबईला जातं त्याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात आमची वाडी टँकरची वाट बघते. बाप गेला तेव्हापासून तिला निराधार योजनेचे महिना दीड हजार मिळायचे. एका महिन्यात ते यायचे थांबले. का थांबले ते कोणी कळवलं नाही. तिनं आवणीचा एक दिवस बुडवला, सकाळची पहिली गाडी धरली आणि कचेरीत गेली. कचेरी नवीन होती. गुळगुळीत फरशी, लोखंडी खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, समोर लांबलचक टेबल. टेबलामागं कोणी नाही. कोपऱ्यात टोकनचं यंत्र, त्याच्यावर कागद चिकटवलेला: ‘बंद आहे’. भिंतीवर पाटी: चौकशीसाठी कोड स्कॅन करा. दारात खाजगी कंपनीचा एक पोरगा निळ्या कपड्यात उभा. तिनं त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘‘मावशी, मी सिक्युरिटीचा. मला आतलं काय माहीत नाही.’’ खोटं बोलत नव्हता तो. त्याला खरंच काही माहीत नव्हतं, आणि ते माहीत असण्याचा पगार त्याला कोणी देत नव्हतं.

रात्री आई फोनवर म्हणाली, ‘‘आरं, तिथं कुनीच नाय. कुनाला इचारू? भितीला इचारू?’’

दुसऱ्यांदा गेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेली तेव्हा कचेरीच्या कुंपणाबाहेर वडाखाली झेरॉक्सवाल्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलेल्या एका माणसानं तिला हाक मारली. ‘‘काय काम हाय आज्जे?’’ तीन मिनिटांत त्यानं सांगितलं की आधार बँकेला नीट जोडलेलं नाही आणि हयातीचा दाखला राहिलाय. तीनशे रुपये घेतले. पावती नाही. आणि आई त्या माणसाला दुवा देत घरी आली. का देऊ नये? सगळ्या कचेरीत तोच एक तिच्याशी बोलला होता.

दोस्तहो, इथं थांबून नीट बघा. माणूस गेला का? माणूस कुठंही गेला नाही. तो टेबलामागून उठला आणि वडाखाली जाऊन बसला. आत होता तेव्हा त्याला सरकारचा पगार होता, त्याच्यावर साहेब होता, त्याच्याविरुद्ध अर्ज करता येत होता. बाहेर बसला तेव्हा त्याचा पगार आईच्या कनवटीतून निघाला, आणि त्याच्याविरुद्ध अर्ज करायचा तर कुणाकडं? गरिबाच्या कामाला मधला माणूस लागतोच. प्रश्न एवढाच आहे की त्याचे पैसे सरकारनं द्यायचे का आपण. बिनमाणसांच्या दालनाची मागणी म्हणजे ते आपण देऊ असं लिहून देणं. मी त्याच्यावर सही करणार नाही.

आता यंत्राबद्दल. मी यंत्राला घाबरतो म्हणणाऱ्यांना एकदा माझ्या खात्यात घेऊन जायला पाहिजे. मुरबाडच्या एमआयडीसीत सूत काततो मी. आठ तास रिंग फ्रेमपुढं चालतो. एका फ्रेमला हजारावर चात्या असतात, आणि कोणी हात न लावता त्या फिरतात. यंत्रावर माझं पोट आहे, मी त्याला शिव्या कशाला देऊ? पण ते यंत्र काय करू शकतं आणि काय करू शकत नाही हे मला माहीत आहे. धागा सरळ आहे तोवर फ्रेम राजासारखी चालते. धागा तुटला की माणूस लागतो. तुटलेलं टोक शोधायचं, चाती थांबवायची, सांधा मारायचा, पुन्हा सोडायची. म्हणून तर सायडर नावाचा कामगार असतो. मालक मूर्ख नाही. माणसावाचून सगळं चाललं असतं तर त्यानं आम्हाला केव्हाच गेटाबाहेर काढलं असतं.

कचेरीचंही असंच. ज्याचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं, जन्माचा दाखला दवाखान्यातला, घर स्वतःच्या नावावर, फोन हातात, त्याचा धागा सरळ. त्याला यंत्र पुरतं. घरबसल्या सातबारा काढतो तो, काढू दे, चांगलंच आहे. आपला धागा तुटका. आजोबांच्या उताऱ्यावर एक आडनाव, बापाच्या रेशनकार्डावर दुसरं, पोराच्या आधारवर इंग्रजीतून मराठीत येताना झालेलं तिसरंच. वाडीला घर आहे पण घराला नंबर नाही. कातकऱ्याची बाई वीटभट्टीवर बाळंत झाली, पोराच्या जन्माची नोंद कुठंच नाही. ह्यांचा सांधा कोण मारणार? नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं पीएम-जनमन नावाची मोहीम काढली. तिच्यात आपल्या भागातले कातकरीही आहेत. त्यांचे कागद करायला सरकारला माणसं पाठवून शिबिरं घ्यावी लागली. पडदे आणि कोड आधीही होते. त्यांनी झालं असतं तर शिबिरं कशाला लागली असती?

आणि अंगठा. आईचा अंगठा रेशनच्या यंत्रावर धड उमटत नाही. चिखलात आवणी, उन्हात खडी, घरी राख आणि भांडी, चाळीस वर्षांत रेषा झिजल्या. माझ्याही झिजायला लागल्यात. कारखान्याच्या गेटावर बोट लावून हजेरी असते. बोट घेत नाही त्या दिवशी मी आत उभा असून गैरहजर. मग सुपरवायझरला शोधायचा, तो वहीत लिहिणार तेव्हा पगार. म्हणजे शेवटी माणूसच. ज्याचे हात मऊ त्याला यंत्र ओळखतं, ज्यानं हातानं कामं केली त्याला ओळखत नाही. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधारकार्ड आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली ह्या आदिवासी गावात वाटलं गेलं. १ डिसेंबर २०१६ ला आपल्या मुरबाड तालुक्यातलं धसई रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं, कार्ड घासायची यंत्रं आली, टीव्हीवाले आले. यंत्राचा पहिला फोटो काढायला ह्यांना नेहमी आपलंच गाव लागतं. पण कार्ड घासायला वीज लागते, रेंज लागते, बँकेत खातं लागतं, खात्यात पैसे लागतात. शेवटची गोष्ट कुठलंच यंत्र देत नाही.

‘यंत्राला जात नसते.’ ठीक. यंत्राला जात नसेल, पण यंत्रात भरायचा फॉर्म कोणी तरी माणसानं केलाय. कुठला रकाना ठेवायचा, कुठला नाही, कशाला ‘चूक’ म्हणायचं हे त्यानं ठरवलंय. तो पुण्यात नाहीतर हैदराबादेत वातानुकूलित खोलीत बसलाय. त्यानं वाडी बघितलेली नाही. टेबलावरच्या माणसानं मला साडेतीन वाजेपर्यंत बाहेर उभं केलं तेव्हा निदान त्याचं तोंड मला दिसत होतं. मी त्याचं नाव विचारू शकत होतो. साक्षीदार उभा करू शकत होतो. १९५५ चा कायदा आहे, १९८९ चा अॅट्रॉसिटीचा कायदा आहे, ते माणसावर लागतात. पडद्यावर लाल अक्षरात ‘अर्ज अमान्य’ येतं तेव्हा फिर्याद कुणावर करायची? ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणतात तेव्हा कुणाची कॉलर धरायची? पूर्वी ‘सावली पडू देऊ नको’ म्हणायचे, आता ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतात. दोन्हीचा अर्थ बाहेर थांब. फरक एवढाच की आता म्हणणारा सापडत नाही.

आता बाबासाहेबांनी काय मागितलं ते बघू. त्यांचं नाव निवेदनात वर ठेवलंय, म्हणून बघायलाच पाहिजे.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. चवदार तळ्यामुळं तो सगळ्यांना पाण्याचा ठराव म्हणून ठाऊक आहे. पण त्या ठरावात विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळांबरोबर शाळा, कोर्टं, दवाखाने आणि कचेऱ्याही आहेत. म्हणजे कचेरीत शिरायचा आपला हक्क आणि तळ्यातलं पाणी प्यायचा हक्क एकाच कागदावरचे. २० मार्च १९२७ ला लोक महाडला तळ्यावर गेले, पाणी प्याले. तळं बुजवा आणि प्रत्येकाच्या घरी वेगळा नळ द्या, मग विटाळाचा प्रश्न येणार नाही, असं कोणी मागितलं नव्हतं. सगळे पितात तिथंच पिणार, समोर बघून पिणार, हा त्याचा अर्थ होता. आपण मात्र तळं रिकामं करून मागतोय.

१९२८ च्या गिरणी संपाचंही आठवा. कापडखात्यात आपल्या माणसांना घेत नव्हते. धोट्यातल्या कांडीचा धागा तोंडानं ओढायचा असायचा, आणि आपल्या तोंडाचा विटाळ बाकीच्यांना चालत नव्हता. माझ्या पणज्याची हयात कताई खात्यात गेली ती म्हणूनच. बाबासाहेब संपाच्या पुढाऱ्यांना काय म्हणाले? तोंडानं ओढावं न लागणारा माग येईपर्यंत थांबू असं म्हणाले नाहीत. कापडखात्यातली बंदी उठवा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, असं ठणकावलं. यंत्र बदलायची वाट बघितली नाही, माणसाला बदलायला लावलं. यंत्रं पुढं बदललीच. आणि १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, आजोबा परळ सोडून वाडीला परत आले. आज तिथं काचेच्या इमारती आहेत. त्यांच्या खालच्या दालनात आजोबांना कोणी उभं केलं नसतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. बाबासाहेब १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी ८⅓ टक्के जागा राखून घेतल्या. पुढं घटनेत सोळावं कलम आलं. त्यांनी खुर्ची मागितली. कारण कचेरीत कोण बसतं त्यावर कायद्याचा अर्थ ठरतो हे त्यांना मसूरपासून माहीत होतं. आपल्या बापजाद्यांतले जे पहिले सरकारी नोकरीत लागले ते बहुतेक कुठं लागले? शिपाई, पट्टेवाला, चौकीदार, कारकून. म्हणजे ह्याच टेबलावर आणि ह्याच दारावर. एका शिपायाच्या पगारावर तीन भावंडं शिकली, अशी घरं आपल्या प्रत्येक वाडीत आहेत. टेबलावरचा माणूस काढा म्हणजे ती जागा काढा. जागा गेली की बिंदुनामावलीतला बिंदू गेला. यंत्राला आरक्षण नाही. दारातला तो निळ्या कपड्यातला पोरगा ठेकेदाराचा, त्यालाही आरक्षण नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं नऊ खाजगी कंपन्यांकडून कंत्राटी भरती करायचा निर्णय काढला, तेव्हा आपणच रस्त्यावर बोंबललो. ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. त्याच आपण आता निवेदन देऊन म्हणतोय की साहेब, ह्या टेबलावर भरतीच करू नका. सरकारला ह्याहून स्वस्त आंदोलन मिळणार नाही.

दारावर बसायचं काम काय असतं ते आपल्या लोकांना कोणी शिकवू नये. गावाच्या वेशीवर कोण बसत होता? येसकर महार. आल्यागेल्याची विचारपूस, सरकारी माणसाला वाट दाखवणं, सांगावा पोचवणं, रात्री वेस सांभाळणं. सगळं गाव त्याच्या भरवशावर झोपायचं. त्याला पगार नाही, भाकर मागून खायची. बाबासाहेबांनी १९२८ पासून ह्या वतनाविरुद्ध कायद्याची लढाई केली, १९५८ च्या कायद्यानं ती वतनं गेली. शेकडो वर्षं फुकट दार सांभाळलं. आता कुठं त्या कामाला टेबल, खुर्ची, पगार आणि पेन्शन आली, तर आपण म्हणायचं माणूस नको?

वर मंत्रालयात काय चाललंय तेही बघा. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातले वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून घालून थकले आणि त्यांनी मंत्रालयात विष घेतलं. गेले ते. त्यानंतर सरकारनं काय केलं? मंत्रालयात जाळी बांधली, वरून कोणी उडी मारली तर अडकावा म्हणून. ऐकणारा माणूस मागितला होता, मिळाली जाळी. २०२५ मध्ये चेहरा ओळखणारं यंत्र आणि आत जायला ‘डिजी प्रवेश’ नावाचं ॲप आलं. ज्याच्याकडं तसला फोन नाही त्याच्यासाठी मदतीची खिडकी ठेवावी लागली. म्हणजे खिडकीत माणूस लागतो हे सरकारलाही कबूल आहे. आपण मात्र तेही सोडून द्यायला निघालोय.

कायदाही माणूसच मागतो. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्यात आहे: ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचं तोंडी ऐकून अर्ज लिहायला अधिकाऱ्यानं मदत केली पाहिजे. तोंडी सांगायचं तर ऐकायला कान पाहिजे, भिंतीला कान असून भागत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अर्जाची पोच मिळालीच पाहिजे, ठरलेल्या मुदतीत काम झालंच पाहिजे. कारण नसताना टाळाटाळ केली तर अधिकाऱ्याला ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड. पण अर्ज घेणाराच समोर नसेल तर पोच कोण देणार? ज्याची पोच नाही त्याची मुदत सुरूच होत नाही.

आता थोडं आपल्याच माणसांबद्दल. हे लिहायला मला आवडत नाही, पण सोडलं तर लबाडी होईल.

तुम्ही म्हणाल, माणूस पाहिजे म्हणतोस, पण आपला बसला तरी काय करतो? खरं आहे. १९५६ मध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दलचं दुःख बोलून दाखवलं होतं, ते उगाच नव्हे. मी एका टेबलावर आपला माणूस बघितलाय. मी जोरात ‘जयभीम’ घातला. तो दचकला. इकडंतिकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, ‘‘भाऊ, इथं नको.’’ मला संताप आला. मनात म्हणलं, साला, ज्यांच्या जिवावर बसलास त्यांचं नाव घ्यायची लाज वाटते? मग त्यानं माझा फॉर्म ओढला, चुकलेलं आडनाव नीट केलं, कुठला पुरावा जोडायचा ते कागदाच्या मागं लिहून दिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तो भ्यालेला होता. त्या खोलीत तो एकटा होता. त्याचा राग करायचा का त्याच्या शेजारी आणखी चौघं बसवायचे? टेबल रिकामं केलं तर तो एकटाही जाईल.

दुसरं. आपल्यातले काही दोस्त सेवा केंद्र चालवतात. पोटाला लागतं, त्याला मी नावं ठेवत नाही. पण निवेदनाच्या मागं कोणाचा किती उत्साह आहे ते मी बैठकीत बघितलं. कचेरीतलं टेबल रिकामं झालं की बाहेरच्या स्टुलाची गिऱ्हाइकी वाढते. मी कोणाचं नाव घेत नाही. प्रत्येकानं आपापलं बघावं. चळवळीचा निळा झेंडा आपल्या दुकानाची पाटी व्हायला नको, एवढंच म्हणतो.

नुसतं नको म्हणून मी घरी बसणार नाही. माझं निवेदन हे:

१. कचेरी उघडी आहे तोवर चौकशीच्या टेबलावर माणूस पाहिजे. जेवायच्या सुट्टीत एक उठला तर दुसरा बसला पाहिजे.

२. तो कायम नोकरीतला पाहिजे, बिंदुनामावलीप्रमाणे भरलेला. ठेकेदाराचा नको.

३. त्याचं नाव आणि हुद्दा येणाऱ्याला वाचता येईल असा समोर पाहिजे. येणाऱ्याची जात किंवा वाडी कामाला लागत नसेल तर विचारायची नाही. विचारली तर तक्रार कुणाकडं करायची ते भिंतीवर लिहिलेलं पाहिजे.

४. येणाऱ्याला टेबलासमोर खुर्ची पाहिजे. सगळ्यांसाठी एकच पाण्याचा माठ पाहिजे आणि तो टेबलाच्या ह्या बाजूला पाहिजे.

५. प्रत्येक अर्जाची तारखेसकट पोच. अर्ज परत केला तर कारण लेखी.

६. लिहिता येत नाही त्याचा अर्ज टेबलावरच्या माणसानं लिहून, वाचून दाखवून द्यायचा. फुकट.

७. यंत्रं खुशाल ठेवा. ज्याला जमतं त्यानं वापरावीत. पण अंगठा उमटला नाही, रेंज गेली, फोन नाही म्हणून एकही माणूस परत गेला नाही पाहिजे.

ह्यातली एकही मागणी फुकटची नाही. सात तारखेचा पगार झाला की मी रजा टाकून हे निवेदन घेऊन जाणार आहे. आईही येणार आहे. ती सही करत नाही, अंगठा देते. यंत्र तो घेत नाही, पण शाईनं कागदावर चांगला उमटतो. तिच्या अंगठ्याखाली कुणाकुणाच्या सह्या येतात ते मला बघायचंय.

आणि एक सांगून ठेवतो. कचेरीत टेबलामागं माणूस नसेल तर त्या दिवशी आपण टेबलामागं जाऊन बसायचं. येईल त्याला विचारायचं, ‘‘बसा. पाणी घ्या. काय काम होतं?’’ साहेब धावत बाहेर येईल तेव्हा कळेल, माणूस होता. आत बसला होता.

जयभीम.